मुनीमाचं मत

आमच्या घरात आईचा सगळ्यात जास्त वेळ जायचा तो दादांचे कपडे धुण्यात. दादा म्हणजे माझे वडील. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे ते मुनीम होते. गादीवर बसून लिहायचं काम, पण पेढीच्या मागेच हळद पॉलिश करायचा कारखाना होता आणि तिथली धूळ भिंतीला जुमानत नसे. पांढरा सदरा घालून गेलेले दादा संध्याकाळी पिवळे होऊन यायचे. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, हे मी शाळेत रसायनशास्त्र शिकायच्या आधी आमच्या मोरीत शिकले. आई म्हणायची, घासून काही होत नाही, ऊनच काढतं. म्हणून सदरे आधी नुसत्या पाण्यातून काढून गच्चीवर उन्हात टाकायचे, डाग फिके पडले की मग साबण. मार्च ते मे हळदीचा हंगाम. त्या दिवसांत आमच्या दोरीवर कायम चार-पाच पिवळे सदरे वाळत असायचे आणि शेजारीपाजारी आम्हाला हळदीवाले म्हणायचे. हळद मालकाची, डाग तेवढे आमचे.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि समोर ओटा. संध्याकाळी दादा हातपाय धुऊन जेवायला बसायचे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, उन्हाळ्यात कांदा-कैरी. जेवताना ते बोलत नसत. जेवण झालं की ओट्यावर गल्लीतली चार माणसं जमायची. एक पोस्टातून निवृत्त झालेले काका होते, एक एस.टी.तले कंडक्टर, एक शाळामास्तर. रेडिओवरच्या बातम्या संपल्या की वाद सुरू. तेव्हा देशात सगळंच बदलायला लागलं होतं. बाहेरच्या कंपन्या येणार, बँकेत कॉम्प्युटर येणार आणि माणसं घरी जाणार, सरकारी नोकरी संपणार, नाही उलट खाजगीत पगार वाढणार, असं काय काय. काकांचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. दादा सुपारी कातरत ऐकत बसायचे. कोणी विचारलंच, “मुनीमजी, तुमाला काय वाटतं?” तर ते हसून म्हणायचे, “मुनीमाला मत नसतं. मुनीमाला अक्षर असतं.” अक्षर खरंच सुरेख होतं त्यांचं. मला त्या उत्तराचा अभिमान वाटायचा. माझे वडील वाद घालत नाहीत, शहाणे आहेत, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

बी.ए.ची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सरांनी मला बोलावलं. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेला आपल्या भागातल्या लोकांची मतं गोळा करायची होती. धंदा, बँक, नोकरी, कामाची जागा याबद्दल सामान्य माणसाला काय वाटतं. तीन मुलं त्यांनी निवडली होती, पण बायकांशी बोलायला मुलगी हवी होती. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो, आणि पुण्याहून आपल्याला कोणी काही विचारतंय याचंच मला अप्रूप वाटलं. छापील फॉर्मचा गठ्ठा मिळाला. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन: नेहमी, कधीकधी, कधीच नाही, सांगता येत नाही. सरांनी नियम सांगितले. उत्तर सुचवायचं नाही. नाव लिहायचं नाही. आणि लिहिलेला फॉर्म दुसऱ्या कोणाला दाखवायचा नाही, अगदी घरच्यांनाही नाही. “माणूस तुझ्यावर भरवसा ठेवून बोलतो,” सर म्हणाले. मी मान हलवली. ते वाक्य मला त्या दिवशी एवढं जड वाटलं नव्हतं.

दादांना ही कामगिरी पसंत होती, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. दादांचे शेठ गावातल्या एका सहकारी बँकेचे संचालक होते. तिथे कारकुनाच्या दोन जागा निघणार होत्या आणि शेठनी दादांना आपणहून सांगितलं होतं, तुमच्या पोरीचं बघू. आमच्या घरात त्या ‘बघू’ला फार मान होता. आईने गणपतीला नारळ बोलून ठेवला होता. माझ्या दोन्ही धाकट्या बहिणी तर खेळताना मला बँकवाली ताई म्हणू लागल्या होत्या.

पहिला फॉर्म मी सरावासाठी आईवर भरून पाहिला. ती ज्वारी निवडत होती. बँकेच्या कामकाजाबद्दल आपण समाधानी आहात का, असं मी छापील भाषेत विचारलं. ती म्हणाली, दादांना विचार. मी म्हटलं, नाही, तुझंच सांग. बराच वेळ ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, “बायांना बसायला बाक पाहिजे.” एकदा सही करायला दादांबरोबर ती बँकेत गेली होती. बाक एकच होता आणि त्यावर पुरुष बसलेले होते. तासभर ती भिंतीला टेकून उभी राहिली होती. हे तिने तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. मी फॉर्मवर बाकासाठी चौकोन शोधला. नव्हता. शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक फॉर्मचे समास भरत गेले.

पुढचे पंधरा दिवस मी एस.टी.ने फिरले. कळमनुरीच्या आठवडी बाजारात बांगड्या विकणाऱ्या एका म्हातारीने मला शेजारी पोत्यावर बसवून घेतलं आणि गिऱ्हाइकांच्या हातात बांगड्या भरता भरता उत्तरं दिली. बँकेवर तुमचा किती विश्वास आहे, यावर ती हात न थांबवता म्हणाली, “आमचा हाय. बँकेचा आमच्यावर किती हाय, ते लिव्हलंय का तुझ्या कागदात?” पुसेगावला एका घरात बायकोला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं नवराच देत होता. मी तसं सांगितल्यावर बिचारा खजील होऊन गोठ्याकडे गेला, पण तिथूनही ओरडून एकेक उत्तर दुरुस्त करत राहिला. आता कधी फोनवर बाईचा छापील आवाज येतो, समाधानी असाल तर एक दाबा. मी एक दाबते आणि फोन ठेवते. समोर कोणी ज्वारी निवडत बसलेलं नसतं, त्यामुळे लाज वाटत नाही.

यादीत शेवटी राहिल्या होत्या कारखान्यात काम करणाऱ्या दहा बाया. मी दादांनाच म्हटलं, तुमच्याच कारखान्यात येते. त्यांनी शेठना विचारून परवानगी काढली. शेठ खुशीत होते. पुण्याच्या पुस्तकात आपल्या कारखान्याचं नाव येईल असं त्यांना वाटलं असावं.

दुपारच्या सुट्टीत मी गेले. पत्र्याची शेड, एका कोपऱ्यात हळद घुसळणारा लोखंडी ड्रम आणि जमिनीवर रांगेने बसून हळकुंडं निवडणाऱ्या बाया. ड्रम थांबला तरी धूळ खाली बसायला वेळ लागायचा. बायांच्या भुवया, पापण्या, हातावरची लव, सगळं पिवळं. मी प्रश्न विचारायला लागले. कामाच्या जागी सोयी आहेत का? हायेत. मुकादम नीट बोलतो का? बोलतो. मालकाशी तुम्ही मोकळेपणाने बोलू शकता का? व्हय. मुकादम चार हात अंतरावर उभा राहून विडी ओढत होता. दहाच्या दहा फॉर्म एकसारखे झाले. मी उठले तेव्हा कौसाबाई नावाची एक उंच, हडकुळी बाई पदराने तोंड पुसत हळूच म्हणाली, “मोंढा बंद असतो त्या दिशी घराकडं ये पोरी. तिथं इचार.”

कौसाबाई मूळची शिरड शहापूरची. नवरा वारल्यावर दोन लेकरं घेऊन हिंगोलीला आली होती आणि रेल्वेच्या रुळापलीकडच्या वस्तीत राहत होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गेले तर पाच-सहा जणी तिच्या अंगणात कडुलिंबाखाली येऊन बसल्या होत्या. तिने मला आधी चहा दिला, गुळाचा. मग मी नवे फॉर्म काढले आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

एक बाई धुळीच्या खोकल्याबद्दल बोलली. एक म्हणाली की लेकराला बरोबर आणू देत नाहीत आणि घरी सांभाळायला कोणी नाही. कौसाबाई सगळ्यांचं होऊ देऊन शेवटी बोलली, आणि ती अगदी साध्या आवाजात बोलली. “आमी सकाळी आठला जातो, सहाला सुटतो. मधी पाणी पीत न्हाई. पाणी पेलं की बाहेर जावं लागते, आन जायला जागा न्हाई. मागं बाभळी होत्या, तिथं आता ट्रक उभे करून राहिले. म्हणून पीतच न्हाई. ह्या उन्हाळ्यात दोघी चक्कर येऊन पडल्या. मुकादम म्हणते, उपास करता काहून.” बाकीच्या खाली बघत होत्या. मी विचारलं, कोणाला सांगितलं का? “सांगितलं ना. तुझ्या बापाला सांगितलं, दिवाळीच्या आधी. त्यो माणूस चांगला हाय, कधी वाकडं बोलला न्हाई. म्हणला, बघू. पण त्याची बी मान आमच्यासारखीच खाली, माय. त्यो काय बघंल.”

घरी येताना ऊन डोक्यावर आलं होतं आणि मला तहान लागली होती, पण वाटेतल्या पाणपोईवर थांबायची मला हिंमत झाली नाही. दादांना माहीत होतं, हे एकच वाक्य डोक्यात होतं. सुपारी कातरताना त्यांना माहीत होतं. मुनीमाला मत नसतं म्हणताना माहीत होतं.

दोन दिवसांत मुकादमाच्या कानावर गेलं की मुनीमाची पोरगी वस्तीत जाऊन आली. तिथून ते शेठकडे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा जेवून उठले, पण ओट्यावर गेले नाहीत. आईला म्हणाले, दार लोटून घे. मग मला म्हणाले की शेठना ते कागद एकदा बघायचे आहेत, उद्या सकाळी घेऊन जातो, दुपारी परत आणतो. मी म्हटलं, दाखवायचे नाहीत, तसा नियम आहे. त्यात नावं कुठं आहेत, दादा म्हणाले. नावं नव्हती, पण वय होतं, मूळ गाव होतं, लेकरं किती तेही होतं. शिरड शहापूरची, दोन लेकरांची विधवा त्या शेडमध्ये किती असणार? मी तसं म्हटलं. दादांनी बहिणींकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. बँकेचं त्यांनी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. आईने मला आत बोलावून सांगितलं, “कागदच आहेत शाले. कागदापायी घर मोडू नको.” त्या वेळी मला तिचा राग आला. आज तिच्या वयाची झाल्यावर वाटतं, तीन मुली पदरात असलेल्या बाईने आणखी काय सांगावं?

सकाळी दादा नेहमीसारखे तयार झाले. धुतलेला सदरा, टोपी, खिशाला पेन. चहा घेऊन ओट्यावर बसले आणि माझी वाट पाहू लागले. मी बाहेर आले. माझ्या हातात एकच फॉर्म होता, तोही कोरा. मी हे काही ठरवून केलं होतं असं म्हणता येणार नाही. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, “दादा, तुमचं मत घ्यायचं राहिलंय.”

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला. मी पहिल्यापासून सुरू केलं. वय. शिक्षण. व्यवसाय. किती वर्षं एकाच ठिकाणी. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. कामाच्या जागी सोयी आहेत का? ते म्हणाले, मला आहेत. मी तसंच लिहिलं, ‘मला आहेत’. मग तो प्रश्न आला.

“तुमच्या मालकाशी तुम्ही मोकळेपणाने बोलू शकता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही, सांगता येत नाही.”

समोरून दूधवाला सायकल ढकलत गेला. दादांनी त्याला हात केला. मग चहाचा कप खाली ठेवला.

“सांगता येत नाही लिहू?” मी विचारलं. खरं तर उत्तर सुचवायचं नाही हा नियम होता. पण ते माझे वडील होते आणि त्यांना सुटायला एक वाट असावी असं मला वाटलं.

“नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही, असं लिही. बराबर लिही.” आणि मग माझ्याकडे न बघता, “ती कौसाबाई माझ्याकडं येऊन गेली होती. मी बघू म्हणलो तिला. इतक्या वर्षांत मला तेवढंच बोलता येतं.”

मी खूण केली. ते उठले, टोपी सारखी केली आणि चप्पल घालून निघून गेले. कागद त्यांनी मागितले नाहीत. आई दारात उभी होती. ती आत जाऊन भाकरीला बसली, आणि बराच वेळ तव्याचा आवाज आला नाही.

त्या दिवशी पेढीवर काय झालं ते दादांनी कधी सांगितलं नाही. ते मला फार उशिरा, दादा थकल्यावर त्यांना भेटायला आलेल्या पेढीवरच्या दुसऱ्या कारकुनाकडून कळलं. शेठनी विचारलं, कागद आणले का? दादा म्हणाले, ते कागद पुण्याचे आहेत, ते काही मिळायचे नाहीत. शेठ हसत म्हणाले, मग बाया काय बोलल्या तेवढं तरी सांगा. आणि दादा, जे त्या गादीवर पंचवीस वर्षं मान वर न करता लिहीत होते, उभं राहून म्हणाले, “बायांचं मला माहीत नाही. माझं मत सांगतो. शेडमागं बायांसाठी संडास बांधला पाहिजे. माणसाला दिवसभर पाणी पिऊ न देणं बराबर नाही. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं.” त्या कारकुनाने सांगितलं की पेढीवर त्या वेळी बाहेरगावचे दोन व्यापारी बसलेले होते, आणि शेठना राग आला तो मुद्द्याचा नाही, तर त्यांच्यादेखत बोलल्याचा.

शेठनी दादांना काढलं नाही. तसे ते वाईट नव्हते, आणि दादांइतका विश्वासाचा माणूस त्यांना मिळालाही नसता. पण पुढच्या सोमवारपासून गादीवर शेठचा पुतण्या बसला आणि दादांना मागे गोदामात मालाच्या वजनावर लक्ष ठेवायला पाठवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. बँकेच्या दोन्ही जागा भरल्या आणि आईने बोललेला नारळ तसाच राहिला. पुढे मी डी.एड. केलं आणि कळमनुरीला शाळेत लागले. बरं झालं की वाईट, याचा हिशोब मी मांडत बसले नाही. पण बँकेच्या काउंटरमागे बसलेली मुलगी दिसली की आजही मी क्षणभर तिच्या टेबलाकडे बघते, हे खरं.

संडास दिवाळीनंतर बांधला गेला. पत्र्याचं दार, वर सिमेंटचा पत्रा. किल्ली मात्र मुकादमाकडे ठेवली होती, त्यामुळे बायांना जाताना किल्ली मागावी लागायची. दोन महिन्यांनी एक दिवस ते कुलूप नाहीसं झालं आणि पुन्हा कोणी लावलं नाही. कौसाबाईने आणखी तीन हंगाम काम केलं. मग खोकला वाढला म्हणून लेकाने तिला गावाकडे नेलं. जाताना ती आमच्या घरी येऊन गेली. दादा घरी नव्हते. आईने तिला पाटावर बसवून ओटी भरायला तांदूळ आणले, तेव्हा ती मागे सरकली. मी विधवा हाय बाई, म्हणाली. आईने ऐकलं नाही. शेजारच्या बायका दारातून बघत असताना तिने कौसाबाईची ओटी भरली. आईने मला कधी विचारलं नाही, की कागदापायी काय मिळवलंस. मला वाटतं, तिचं उत्तर तिने त्या दिवशी दिलं.

अहवाल छापून यायला दोन वर्षं लागली. सरांनी एक प्रत मला दिली. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, आत नुसते तक्ते. मी समासात लिहिलेल्या ओळी कुठेच नव्हत्या. बाक नव्हता, बांगडीवाली नव्हती, पाणी नव्हतं. आमच्या भागातल्या बहुतेक लोकांना आपल्या कामाबद्दल समाधान आहे, असं एका पानावर लिहिलं होतं. मी ते पुस्तक कपाटावर टाकून दिलं.

एका रविवारी मी शाळेची कामं करत बसले होते, तर दादांनी ते खाली काढलं. चष्मा लावून ते एकेक पान सावकाश उलटत होते. आयुष्यभर आकडे लिहिलेला माणूस, तक्ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असावेत. एका पानावर ते थांबले. मालकाशी मोकळेपणाने बोलता येतं का, त्याचा तक्ता होता. ‘कधीच नाही’च्या रकान्यात एक लहानसा आकडा होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“शाले,” ते म्हणाले, “ह्यात मी आहे का?”

त्यांचा फॉर्म सरांनी मला तेव्हाच परत केला होता. माझ्या वाट्याला फक्त बायाच होत्या, मुनीम यादीत बसत नव्हता. तो अजून माझ्याजवळ आहे, पिशवीत, इतर कागदांबरोबर.

“आहात ना,” मी म्हटलं.

त्यांनी त्या आकड्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं, खिशातून पेन काढलं, त्याच्याखाली सुरेख सरळ रेघ ओढली आणि पुस्तक मिटलं.